वाट निवडणं वेगळं, वाट पाडणं वेगळं

(तेर, जि. धाराशिव येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्यात. हायपरटेक्स्ट कथा. म्हणजे कॉम्प्युटरवरची अशी कथा, जिच्यात पुढं काय वाचायचं ते वाचकानं ठरवायचं. गोरोबाकाकांच्या तेरात हे इंग्रजी खूळ कशाला, असं कुणी म्हणेल. गोदीत माल हलवणाऱ्या मॅट्रिक पोराला ह्यातलं काय कळतं, असंही कुणी म्हणेल. दोघांनाही माझं उत्तर एकच. कथा कुठून कुठं जाणार हे ठरवायचा हक्क कुणाचा, हा सवाल कॉम्प्युटरवाल्यांच्या आधीपासून आपला आहे. आपल्याला पिढ्यान् पिढ्या कथेत ठेवलं ते बिनबोलाचं पात्र म्हणून. पोथीला हात लावू दिला नाही. कीर्तन ऐकायचं तर पायरीखाली उभं राहून. म्हणून 'आता वाचकच स्वतःची कथा घडवतो' असं कुणी बोललं की माझे कान टवकारतात. कुठला वाचक? कुणाची कथा? आणि दाराची किल्ली कुणाच्या कनवटीला?

आधी वस्तू काय ते बघू. पुस्तक दोऱ्यानं शिवलेलं असतं. पहिल्या पानामागं दुसरं, दुसऱ्यामागं तिसरं. दावं लेखकाच्या हातात, वाचकानं मागं चालायचं. १९६५ साली टेड नेल्सन ह्या अमेरिकन माणसानं हायपरटेक्स्ट हा शब्द छापात आणला. त्याचं म्हणणं असं की मजकूर एका ओळीत बांधायची काही गरज नाही. मजकुराचे तुकडे करा. एका तुकड्यातला शब्द दुसऱ्या तुकड्याला जोडा. वाचकानं त्या शब्दावर बोट ठेवलं की तो तुकडा समोर येईल. ह्या जोडणीला लिंक म्हणतात. आज खिशातल्या मोबाइलवर तुम्ही दिवसभर हेच करता, त्यामुळं नवल वाटणार नाही. पण कथाच अशी लिहायची, हे तेव्हा नवं होतं.

मायकेल जॉईस ह्या लेखकानं १९८७ साली 'आफ्टरनून' नावाची अशी कथा केली. १९९० साली ईस्टगेट ह्या प्रकाशनानं ती विकायला काढली. तिच्यात पाचशेंहून जास्त तुकडे आहेत. एक बाप आहे. सकाळी रस्त्यात त्याला अपघात झालेला दिसला. आपलं पोरगं आणि पोराची आई तर नव्हती त्यात, ही शंका त्याला खाते. दिवसभर तो त्यांचा तपास करत राहतो. तुम्ही कुठल्या शब्दावर बोट ठेवता त्यावर तुम्हाला काय कळणार ते ठरतं. एखाद्या वाटेनं गेलं तर अशी शंका येते की त्या अपघातात खुद्द ह्या बापाचाच हात असावा. दुसऱ्या वाटेनं गेलेला वाचक तिथं पोचतच नाही. तो बापाची कीव करून कॉम्प्युटर बंद करतो.

ह्यावर तिकडच्या विद्वानांना मोठा उमाळा आला. १९९२ साली रॉबर्ट कूव्हर ह्या कादंबरीकारानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये पुस्तकांचा शेवट जवळ आल्याचा लेख लिहिला. ओळीच्या जुलमातून वाचक सुटला, असा त्या मंडळींचा सूर. वाचक आता लेखकाच्या बरोबरीचा.

ऐकायला झकास आहे. पण पुढचं ऐका. जॉईसनं ही कथा ज्या प्रणालीत बांधली तिचं नाव स्टोरीस्पेस. ती बनवणाऱ्यांत तो स्वतःही होता. तिच्यात लिंकवर अट घालायची सोय आहे. अमुक तुकडा तुम्ही वाचला असेल तरच तमुक दार उघडेल, नाहीतर नाही. त्या अटीला नावच गार्ड फील्ड. गार्ड म्हणजे राखणदार. आणि 'आफ्टरनून'मध्ये कुठल्या शब्दाखाली दार आहे ह्याची खूणही केलेली नाही. वाचक चाचपडतो. दार लागलं तर लागलं.

राखणदार म्हटलं की आपल्याला पंढरपूरचं महाद्वार आठवतं. चोखोबाची समाधी दाराबाहेर, पायरीशी. त्याच्या भक्तीत काय खोट होती? खोट नव्हती. अट होती. ती त्याच्या जन्माआधी दुसऱ्या कुणीतरी घालून ठेवली होती. १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार आपल्यासाठी उघडलं. कॉम्प्युटरची अट जात विचारत नाही, हे मला कळतं. पण कळ तीच आहे. आत जायची अट आत बसलेला ठरवतो. बाहेरच्याला आत किती खोल्या आहेत, हेसुद्धा कळत नाही.

जॉईसवर माझा राग नाही. तो बाप स्वतःपासूनच काहीतरी लपवतोय, म्हणून कथेनं दार लपवलं. कलावंत म्हणून ते बरोबरच. राग आहे तो 'वाचक मोकळा झाला' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांवर. गोदीत कंटेनर उतरतो. अंगावर नंबर, दाराला सील. तो कुठल्या ट्रकवर चढणार, कुठल्या गावाला जाणार, ते कागदावर आधीच ठरलेलं असतं. आम्ही हलवायचा. घाम आमचा, पण 'हा माल आम्ही पाठवला' असं आम्हाला म्हणता येईल का? नुसतं बोट ठेवत जाणारा वाचक असाच असतो. हालचाल त्याची, वाट दुसऱ्याची.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. वाट निवडणं वेगळं, वाट पाडणं वेगळं. दहा वाटा दाखवून 'निवड' म्हणणारा अकरावीबद्दल गप्प असतो. आपल्याला नेमकी ती अकरावी पाहिजे.

आता तेरात या. तुमच्या गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. रोज बघता म्हणून बघत नसाल. आज बघा. विटांची वास्तू, मागची बाजू गोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. हेन्री कझिन्स ह्या पुरातत्त्व खात्याच्या इंग्रज अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मत मांडलं की हे मूळचं बौद्ध चैत्यगृह आहे. काही अभ्यासक म्हणतात, नाही, ते पहिल्यापासून देऊळच असावं. हा वाद पंडितांनी घालावा. पण ह्याच गावच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. बुद्धाची माणसं इथं नांदून गेली, ह्यात वाद नाही.

आता आत कोण आहे ते बघा. त्रिविक्रम. म्हणजे वामन. बटूच्या रूपात आला, बळीराजाकडं तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश व्यापलं आणि तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घातलं. शेकडो वर्षं ही कथा एकाच वाटेनं सांगितली गेली. पाऊल ठेवणारा देव. पाऊल ज्याच्या डोक्यावर पडलं तो दैत्य. श्रोत्यानं हात जोडायचे.

१८७३ साली एका श्रोत्यानं हात जोडले नाहीत. जोतिबा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. त्यांनी वामनाची कथा बळीच्या बाजूनं वाचली. बळी हा इथल्या रयतेचा राजा आणि वामन बाहेरून आलेल्यांचा म्होरक्या. कथेत दैत्य म्हणून गाडलेला माणूस जोतिबांनी उकरून वर काढला. आणि पुस्तकाची बांधणी बघा. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतो. धोंडिबाचं समाधान झालं नाही की तो परत विचारतो आणि कथेला तिकडं वळावं लागतं. हायपरटेक्स्ट हा शब्द जन्मायला अजून ब्याण्णव वर्षं होती. पण ऐकणाऱ्याच्या सवालानं कथेचा रस्ता ठरतो, हे तंत्र मराठीत छापून झालं होतं. जोतिबांना पुरावा कुणी पुरवला? बायांनी. दिवाळीत ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणाऱ्या कुणब्यांच्या बायांनी. वामनाच्या कथेला ह्या बायांनी कधीच मान्यता दिली नव्हती. पुराण ऐकलं आणि घरात येऊन बळीला ओवाळलं.

म्हणजे तेरच्या त्या विटांवर किती कथा चढल्या ते मोजा. चैत्याची एक, त्रिविक्रमाची दुसरी, बळीची तिसरी. पहिल्या दोन कथांना बांधकाम होतं, दान होतं, पुजारी होता. तिसरीला ह्यातलं काही नव्हतं. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात राहिली आणि तरीही मेली नाही.

तिकडंही अशी वाट पाडणारे आहेत, हे सांगायलाच पाहिजे. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकनस्टाईन' कादंबरीत एक शास्त्रज्ञ माणसासारखा राक्षस बनवतो. त्याच्यासाठी बाई बनवायला घेतो आणि अर्ध्यात घाबरून तिला फाडून टाकतो. त्या फाडलेल्या बाईला कादंबरीत एक शब्द नाही. शेली जॅक्सन ह्या लेखिकेनं १९९५ साली 'पॅचवर्क गर्ल' ही हायपरटेक्स्ट कथा केली आणि त्या बाईला पुन्हा शिवून उभं केलं. तिचा हात एका बाईचा, पाय दुसरीचा आणि प्रत्येक अवयव आपापली कथा सांगतो. वाचकानं तुकडे जोडत जायचं. ही वाट पाडणं. दुसऱ्याच्या पुस्तकात शिरून जिथं दारच नव्हतं तिथं भिंत फोडणं.

बाबासाहेबांनीही हेच केलं आणि त्यांच्याएवढा मोठा वाचक मला तरी दुसरा माहीत नाही. सिद्धार्थानं घर का सोडलं? रूढ कथा सांगते, त्यानं म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं. बाबासाहेबांनी साधा सवाल केला. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलंच नव्हतं? हे पटत नाही. आणि त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये दुसरी वाट घातली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, संघाचं बहुमत विरुद्ध गेलं आणि त्याला देश सोडावा लागला. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या माणसानं बुद्धाच्या कथेत पाण्याचा तंटा मधोमध आणून ठेवला. वाचक कथेत स्वतःला घालतो म्हणतात ते हे.

पण वाट पाडायची तर किंमत मोजावी लागते. बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली महाराष्ट्र शासनानं छापलं. राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट गाळा म्हणून रान उठवलं गेलं. आपली माणसं १९८८ साली मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठं ते परिशिष्ट पुस्तकात राहिलं, तेही शासन ह्या मतांशी सहमत नसल्याची टीप लावून. वाचकानं निवड केली तर व्यवस्था खूश असते. वाचकानं सवाल केला की व्यवस्थेचं पोट दुखतं.

आता कडू घास. वामनाची कथा बदलली म्हणून आपण छाती फुगवतो. गोरोबाकाकांच्या कथेचं काय? महिपतीनं १७६२ साली 'भक्तविजय'मध्ये ती सांगितली आहे. गोरोबा नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवतात. बायको संती पोराकडं लक्ष ठेवा सांगून पाण्याला गेलेली. पोर रांगत चिखलात येतं आणि बापाच्या पायाखाली तुडवलं जातं. पुढं शपथ, दुसरं लग्न, गोरोबांचे तुटलेले हात, पंढरपूरचं कीर्तन. हात परत येतात, पोर परत येतं. आनंदीआनंद.

चित्रपटात, भारुडात, कीर्तनात, किती तोंडांनी ही कथा सांगितली गेली असेल. पण मला एक तुकडा दाखवा ज्यात आपण संतीबरोबर पाण्याला जातो. घागर घेऊन तेरणेवरून परत येताना ती काय विचार करत होती? अंगण रिकामं दिसल्यावर तिनं पहिली हाक कुणाला मारली? चिखलाचा रंग बदललेला कुणाला आधी दिसला? सातशे वर्षांत त्या शब्दाखाली कुणी लिंक घातली नाही. संतीला दोनच वाटा ठेवल्या. आकांत करायचा आणि शेवटी चमत्काराला नमस्कार करायचा. आणि तिची बहीण रामी, जिला त्याच घरात दुसरी म्हणून दिली, तिला तर आकांतही नाही.

'आफ्टरनून'मधल्या बापाशी हे ताडून बघा. तिथं बाप पोराच्या मरणाभोवती घिरट्या घालतो आणि आपलाच हात तर नाही ना ह्या सवालाशी वाचकाला निदान एका वाटेनं तरी नेतो. इथं पाय बापाचाच आहे, सगळ्यांसमोर आहे आणि तरी कथेत परीक्षा होते ती भक्तीची. मला गोरोबांचा अपमान करायचा नाही. चिखल तुडवून पोट भरणारा माणूस तो, आपल्याच जातकुळीचा. बाकीच्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवाला कच्चं मडकं ठरवायची त्याची हिंमत मला आवडते. पण ते थापटणं आता कथेवरच मारून बघायला पाहिजे. संतीच्या बाजूनं वाजवली तर ही कथा पक्की वाजते का?

ह्यावर हसू नका, कारण आपल्या चळवळीच्या कथेतही संतीच्या दाराला कुलूप होतं. सत्याग्रहांत, परिषदांत, धर्मांतरात बाया हजारोंनी होत्या. आपल्या भाषणांत त्या 'माता-भगिनींनी साथ दिली' ह्या एका ओळीत बसायच्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्या बायांच्या शोधात फिरल्या, त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. एका ओळीतून त्यांनी अख्खं पुस्तक उघडलं.

आणि बायांना हे तंत्र कुणी शिकवायची गरज नव्हती. जातं बघा. दोघी समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात. एक ओवी म्हणते, दुसरी त्यातला एखादा शब्द धरून पुढची म्हणते. भावाकडं जायचं, सासूकडं, सीतेकडं की पावसाकडं, ते जिच्या तोंडी ओवी ती ठरवणार. कुणाची मालकी नाही, पहिलं पान नाही, शेवटचं नाही. सीतेचा वनवास ह्या बायांनी स्वतःच्या सासुरवासाशी जोडला आणि रामाला जाब विचारला. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी' ह्या संकेतस्थळावर येत आहेत, बऱ्याचशा आवाजासकट. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा तिथल्या बाया भीमराव गात होत्या. जिथं देव असायचा तिथं त्यांनी बाबासाहेब आणून बसवला, ओवीचा साचा न मोडता. जात्याचं कौतुक मला नको. ते पहाटेचं मरणाचं काम होतं, गिरणी आली ते बरं झालं. पण पीठ गिरणीत गेलं म्हणून कथा दुसऱ्याच्या हातात द्यायची का?

कारण आज ती दुसऱ्याच्या हातात आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ संपतो, पुढचा आपोआप येतो. तुम्ही कुठं थांबलात, कशावर बोट ठेवलंत, हे मोजून कंपनी पुढचा तुकडा तुमच्यापुढं टाकते. तुम्हाला वाटतं मी निवडतोय. भीमजयंतीचं गाणं बघता बघता तासाभरात तुम्ही कुठल्या घाणीत पोचता, ते तुम्हीच आठवा. ही सगळ्यात मोठी हायपरटेक्स्ट कथा आहे आणि तिचा राखणदार दिसतसुद्धा नाही.

मग करायचं काय? ट्वाइन नावाचं एक साधन आहे. ख्रिस क्लाइमस यानं २००९ साली काढलं. फुकट आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. एक चौकोन काढायचा, त्यात मजकूर लिहायचा, शब्दाभोवती कंस घालायचे, की दुसरा चौकोन जोडला जातो. अमेरिकेत ज्या बायकांना आणि तृतीयपंथी माणसांना खेळांच्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, त्यांनी ह्याच साधनावर स्वतःच्या जगण्याच्या कथा बांधल्या. आपल्या आधीच्या पिढीनं सायक्लोस्टाइलवर नियतकालिकं काढली, कारण प्रस्थापित मासिकं छापत नव्हती. हे आजचं सायक्लोस्टाइल समजा.

तेरपासूनच सुरुवात करा. पहिला तुकडा त्रिविक्रमाच्या विटांचा लिहा. त्यातला 'पाऊल' हा शब्द बळीला जोडा. बळीचा तुकडा जोतिबांना जोडा. 'चिखल' हा शब्द गोरोबाला जोडा आणि 'पाणी' संतीला. संतीचं पाणी पुढं रोहिणीला जाईल, चवदार तळ्याला जाईल, तुमच्या वस्तीतल्या नळापर्यंत येईल. तुमच्या संग्रहालयात हस्तिदंताची बाहुली आहे. तेराचं जुनं नाव तगर, आणि इथून मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर जायची, हे पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तक व्यापाऱ्याच्या डोळ्यानं लिहिलंय. त्या गाड्यांत गठ्ठे चढवणारा हमाल त्यात नाही. त्याचा एक तुकडा मी लिहीन. ते काम मला येतं. संतीचा तुकडा मात्र माझ्यासारख्या पुरुषानं लिहायचा नाही. तो इथं बसलेल्या पोरींपैकी कुणीतरी लिहावा आणि लिहून झाल्यावर आम्हा पुरुषांना वाचायला बसवावं.

आणि एक अट आपणही घालू, एकच. आपल्या कथेत प्रत्येक तुकड्याखाली एक रिकामा चौकोन ठेवायचा. वाचणाऱ्याला पटलं नाही तर त्यानं तिथं स्वतःचं लिहावं. आपण लिहिलेलं खोडणारा धोंडिबा उद्या येईल. त्याच्यासाठी दार आजच उघडं ठेवा. नाहीतर वामन जाईल आणि त्याच जागेवर आपण पाऊल उचलून उभे राहू.

जय भीम.